चिल्लर राज्यांचा मुलूख : वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी याच पानावर कल्पित साम्राज्य कसं रचायचं यावर लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की साम्राज्याच्या पोटात छोट्या छोट्या राज्यांचा एखादा जुना मुलूख ठेवून बघा, भानगडी आपोआप उगवतात. ते वाक्य माझ्याच अंगाशी आलंय. इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. उदाहरणं बहुतेक जर्मन इतिहासातली आहेत, कारण असला मुलूख बघायचा तर पवित्र रोमन साम्राज्यासारखी, म्हणजे एका सम्राटाखालच्या जर्मन राज्यांच्या त्या जुन्या गोधडीसारखी, खाण दुसरीकडे नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीत एक बलाढ्य साम्राज्य आहे आणि त्याच्या मधोमध चाळीसेक चिमुकली राज्यं. पहिला खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला तर ती म्हणाली, हे काय पटत नाही, शेजारचा मोठा राजा यांना एका दुपारी गिळेल की! मला उत्तरच सुचलं नाही. आता मी त्या भागात डोंगर आणि दलदल घालतेय, म्हणजे सैन्य आत जाऊ शकणार नाही. चालेल ना?

उत्तर : डोंगर काढा. दलदल पण काढा. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न एकदम बरोबर आहे पण त्याचं उत्तर भूगोलात नाहीये. आपण सगळे असं धरून चालतो की छोटी राज्यं म्हणजे साम्राज्याला गिळायची राहून गेलेली उष्टी-खरकटी, साम्राज्य जरा जोरात आलं की ती संपणार. खरं तर उलटं असतं. ती साम्राज्य आहे म्हणून जगतात. साम्राज्य मेलं की दुसऱ्या दिवशी ती मेली.

कसं ते बघा. सम्राटाला खरी भीती कोणाची असते? चाळीस एकरांवरच्या उमरावाची नाही. भीती असते ती त्याच्या इतक्याच ताकदीच्या मांडलिकाची, म्हणजे बव्हेरिया, सॅक्सनी, पुढे प्रशिया यांची. मग या मोठ्यांच्या अवतीभवती जी बारकी मंडळी आहेत ती सम्राटाला हवीच असतात, कारण त्यांना मोठ्या शेजाऱ्यापासून वाचवणारा एकटा तोच, त्यामुळे ती त्याला धरून राहतात. जर्मनीत साम्राज्याचे सरदार म्हणून एक वर्ग होता, सुमारे साडेतीनशे घराणी आणि दीडेक हजार इस्टेटी, कोणाकडे दोन गावं, कोणाकडे पाच. साम्राज्याच्या सभेत त्यांना एकही जागा नव्हती, पण ते पैसे द्यायचे ते थेट सम्राटाला आणि मधल्या कोणत्याही राजाला जुमानायचे नाहीत. सम्राटासाठी हे सोन्याचं अंडं देणारी कोंबडी, ती तो शेजारच्या ड्यूकला कापू देईल होय?

दुसरी गोष्ट कायदा. १४९५ साली तिथे सगळ्या आपसातल्या लढायांवर कायमची बंदी घातली आणि भांडणं मिटवायला साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय काढलं. हे न्यायालय शेवटी वेट्झलरला होतं, पुढे मोठा कवी झालेला तरुण गटे १७७२ मध्ये वकिलीचा अनुभव घ्यायला तिथेच गेला होता, आणि तिथले खटले पिढ्यान् पिढ्या चालायचे. आपण म्हणू काय उपयोग असल्या न्यायालयाचा. पण छोट्या राज्याला निकाल नकोच असतो हो, त्याला खटला चालू राहायला हवा असतो! खटला चालू आहे तोवर शेजारी हात लावू शकत नाही. आणि अगदीच बिनदाताचं पण नव्हतं ते प्रकरण. व्हिएन्नात सम्राटाचं वेगळं न्यायमंडळ होतं, त्याने कार्ल माग्नुस नावाच्या एका छोट्या राज्यकर्त्या काउंटला कर्जांच्या फसवणुकीबद्दल १७७५ साली तुरुंगात टाकलं. म्हणजे गादीवर बसलेला माणूस, फोर्जरीसाठी आत.

तिसरी गोष्ट म्हणजे शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा जळफळाट. एकाने घास घेतला की बाकीचे उठतात. डोनाउवर्थ नावाचं एक छोटं स्वतंत्र शहर होतं, बहुसंख्य प्रोटेस्टंट. तिथे कॅथलिक मिरवणुकीवरून दंगल झाली, सम्राटाने शहराला बहिष्कृत ठरवलं आणि १६०७ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने सम्राटाच्या हुकमाची अंमलबजावणी म्हणून ते ताब्यात घेतलं, आणि मग खर्च भरून द्या म्हणाला, आणि खर्च कोण भरणार, शहर गेलं त्याच्या खिशात. एक शहर! पण पुढच्याच वर्षी प्रोटेस्टंट राजांनी आपली आघाडी उभी केली, आणि दहा वर्षांत तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. युद्धाची कारणं बरीच होती, पण ठिणग्यांमध्ये ही एक होतीच. तुमच्या मैत्रिणीला सांगा, गिळता येतं, पण पचत नाही. आणि मला विचाराल तर तुमच्या कादंबरीचा पहिला प्रसंगच हा करा, कोणीतरी एक गाव गिळतंय आणि सगळं साम्राज्य कान टवकारून बसलंय.

प्रश्न : चाळीस राज्यं निर्माण तरी कशी झाली असं दाखवायचं? मी प्रत्येकाला एक शूर संस्थापक दिलाय पण चाळीस शूर माणसं लिहिताना सगळे एकसारखेच व्हायला लागलेत.

उत्तर : अहो, चाळीस शूर माणसं नकोत, एक बाप पुरे. भरपूर मुलं असलेला.

मध्य जर्मनीतल्या थुरिंगियाचं बघा. गोथाचा ड्यूक अर्न्स्ट, अतिशय धार्मिक, शाळा काढणारा, हिशोबाला चोख, लोक त्याला धर्मशील अर्न्स्टच म्हणायचे. तो १६७५ मध्ये वारला आणि मागे सात मुलगे. थोरल्यालाच सगळं असा नियम घराण्यात नव्हता. पाच वर्षं कसंबसं एकत्र काढलं आणि १६८० मध्ये वाटणी. सातांचे सात दरबार, गोथा, कोबुर्ग, मायनिंगेन, र‍्योमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, झालफेल्ड. सात वाडे, सात नोकरवर्ग. त्यातही गंमत म्हणजे वाटणी सारखी नव्हती, थोरल्याने मोठा तुकडा ठेवला आणि धाकट्यांना काही बाबतीत गोथाच्याच दारात यावं लागायचं, म्हणजे धुसफुशीची सोय वाटणीपत्रातच करून ठेवलेली.

पुढे कोबुर्गवाला निपुत्रिक गेला. आयझेनबर्गवाल्याला किमयेचा नाद, शिशाचं सोनं करायच्या खटपटीत कर्ज करून ठेवलं आणि तोही मुलगा नसताना गेला. र‍्योमहिल्डवाला पण तसाच. तीन गाद्या रिकाम्या आणि उरलेल्या भावांत, मग त्यांच्या मुलांत भांडण, कोबुर्गचा ताबा कोणाकडे, कोणतं गाव कोणाचं, ते मिटलं १७३५ मध्ये. पहिली गादी रिकामी झाली होती १६९९ ला. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको, तुमचं निम्मं काम वाचकच करेल.

आता हे उलटं वापरा. नकाशावर आधी एक मोठं राज्य काढा, मग दीडशे वर्षांत चार-पाच बाप मारा आणि प्रत्येक वेळी नकाशा फाडा. मधेच एक शाखा निर्वंश होऊ द्या आणि तिचा तुकडा भलत्याच टोकाच्या चुलत्याकडे जाऊ द्या. आणि मग कधीतरी एखादं घराणं शहाणं होतं, थोरल्याकडेच सगळं असा नियम करतं, आणि पन्नास वर्षांत तेच घराणं शेजाऱ्यांपेक्षा डोईजड होतं. ते वळण फुकट घालवू नका, कारण तिथे धाकट्या मुलांचं काय होतं हा सगळ्यात चांगला विषय आहे.

प्रश्न : पात्रांची नावं? वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : गोंधळ होऊ नये असं वाटत असेल तर खऱ्या इतिहासापासून लांब राहा. रॉइस नावाचं घराणं होतं, त्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिख. प्रत्येक! राजा होवो न होवो, नंबर सगळ्यांना. थोरल्या शाखेने शंभरपर्यंत मोजून परत एकपासून सुरू करायचं ठरवलेलं, धाकट्या शाखेने नवं शतक लागलं की परत एक. १८४८ च्या गडबडीत ज्याने गादी सोडली तो हाइनरिख बहात्तरावा. मी एकदा त्यांची वंशावळ काढायला बसले होते, दोन चहा झाले आणि वही मिटली.

प्रश्न : मी मित्रांबरोबर खेळायच्या एका गेमसाठी नकाशा करतोय. पंचवीस राज्यं, पंचवीस रंग, प्रत्येकाची हद्द नदीने किंवा टेकडीने आखलीय. दिसायला मस्त दिसतोय पण काहीतरी खोटं वाटतंय आणि काय ते कळत नाहीये.

उत्तर : सलग आहे म्हणून खोटं वाटतंय. असल्या मुलखात राज्य म्हणजे जमिनीचा सलग तुकडा नसतोच, राज्य म्हणजे हक्कांचं गाठोडं. या गावाचा सारा आपला, त्या गावातला न्याय आपला पण सारा मठाचा, पलीकडच्या जंगलात शिकार आपली पण लाकूड चुलत भावाचं. हे रंगाने दाखवता येत नाही, म्हणून नकाशे जरा फसवतातच.

तरी नकाशावर करण्यासारखं बरंच आहे. वायमार आणि आयझेनाख १७४१ पासून एकाच राजाचे, पण मधे गोथा आडवं पडलेलं आणि एरफुर्टही. आणि एरफुर्ट तर आणखी मजेशीर. थुरिंगियाच्या ऐन मध्यावरचं सगळ्यात मोठं शहर, आणि ते थुरिंगियातल्या कुठल्याच राजाचं नाही, ते लांब ऱ्हाइनकाठच्या माइंझच्या आर्चबिशपचं! १६६४ मध्ये त्याने ते सैन्य आणून पक्कं ताब्यात घेतलं आणि १८०२ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. तुमच्या नकाशावर असंच करा, मुलखाचं हृदय परक्याच्या हातात द्या. मग मुलखातल्या प्रत्येक राजाला मधल्या शहरात बाजाराला जायचं तर परक्याची वेस ओलांडावी लागते.

नैऋत्य जर्मनीतल्या स्वाबियात बुखाउ म्हणून गाव होतं, एका तळ्याकाठी. तिथलं शहर स्वतंत्र, आणि त्याच गावातला बायकांचा मठ वेगळा स्वतंत्र, तिथली मठाधिपती बाई म्हणजे थेट साम्राज्याची राज्यकर्ती. एक गाव आणि दोन सरकारं. ओस्नाब्र्युकला तर १६४८ च्या तहात ठरलं की एक बिशप कॅथलिक, त्याच्यानंतरचा एका ठरलेल्या प्रोटेस्टंट राजघराण्यातला, मग परत कॅथलिक, अशी आळीपाळी. त्यामुळे १७६४ मध्ये पाळी आली तेव्हा त्याच घराण्यातल्या इंग्लंडच्या राजाचं सहा-सात महिन्यांचं बाळ बिशप झालं. गेम खेळणाऱ्यांना हे पात्र द्या आणि मजा बघा.

आणि एक. नद्या-टेकड्यांवरून हद्दी काढू नका, नदीवर जकातनाके काढा.

प्रश्न : पंचवीस एकराचा राजा खातो काय? एवढ्याशा राज्यातून वाडा, घोडे, नाचगाणी कशी परवडतात?

उत्तर : परवडत नाहीत, हे पहिलं. कर्ज हा असल्या दरबारांचा मुख्य उद्योग. पण उत्पन्नाचे मार्ग असतात, आणि त्यावरच राज्याचा स्वभाव ठरतो म्हणून जरा बघू.

जकात तर आहेच. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख लिस्टने १८१९ मध्ये अर्ज केला होता त्यात त्याची तक्रार अशी की जर्मनीत अडतीस जकातीच्या हद्दी आहेत आणि बर्लिनहून स्वित्झर्लंडला जायचं तर दहा राज्यं ओलांडावी लागतात, दहा वेळा पेटी उघडायची. आणि हे राज्यं कमी झाल्यानंतरचं! त्याच्या आधी काय असेल विचार करा. मग माणसं विकणं, म्हणजे सैन्य भाड्याने देणं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडकडून जे सुमारे तीस हजार जर्मन सैनिक लढले ते सहा छोट्या-मध्यम राज्यांनी पाठवलेले, सगळ्यात जास्त हेसेन-कासेलचे, पण त्यात वाल्डेक आणि आनहाल्ट-त्सेर्ब्स्ट अशी बारकी नावं पण आहेत.

हेच त्सेर्ब्स्ट लग्नाच्या बाजारात पण होतं. तिथल्या एका मुलीला रशियाच्या वारसाला दिली, ती १७६२ मध्ये नवऱ्याला हटवून गादीवर बसली, तीच कॅथरीन द ग्रेट. कोबुर्गने तर हा धंदाच केला. एक मुलगा १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा, पुतण्या आल्बर्ट १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा. छोट्या राज्याचा राजपुत्र हवाहवासा का असतो माहितीये? रक्त राजघराण्याचं पण मागे सैन्य नाही, त्याच्याशी लग्न केलं म्हणून शेजारचं मोठं राष्ट्र बिथरत नाही.

आणि शेवटचं, कलावंत. तोफा परवडत नाहीत तर निदान ऑर्केस्ट्रा. पण ते फार गोड चित्र काढू नका. संगीतकार बाख वायमारला नोकरीला होता, तिथे काका-पुतणे दोघे एकत्र राज्यकर्ते आणि दोघांचं अजिबात पटत नव्हतं. त्याला क्योथेनच्या दरबारात चांगली जागा मिळाली, त्याने सोडायची परवानगी जरा जोरात मागितली, तर काकाने नोव्हेंबर १७१७ मध्ये त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत टाकलं आणि मग हाकललं. उलट बाजू पण आहे. शिलरला व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने नाटकं लिहायची नाहीत असा दम दिला, तो १७८२ मध्ये रातोरात मानहाइमला पळाला. दुसरं राज्य, दुसरा राजा, ड्यूकचा हुकूम तिथे शून्य. पुढे येना, मग वायमार. एकच मोठं राज्य असतं तर पळून जाणार कुठे? छापखान्यांचं पण तसंच असायचं, इथे बंदी आली तर हद्दीपलीकडे छापा.

प्रश्न : सैन्य किती दाखवू? प्रत्येक राज्याला पाच हजार ठीक?

उत्तर : फारच जास्त! १६८१ मध्ये अख्ख्या साम्राज्याच्या फौजेचा मूळ आकडा ठरला तोच चाळीस हजार, बारा हजार घोडेस्वार आणि अठ्ठावीस हजार पायदळ, ते दहा विभागांत वाटलेलं आणि विभागाने पुढे आपल्या राज्यांत वाटलेलं. बारक्यांच्या वाट्याला वीस-पंचवीस माणसं यायची, कॅप्टन एकाचा, लेफ्टनंट दुसऱ्याचा. पाच हजारातली दोन शून्यं खोडा.

प्रश्न : माझ्या साम्राज्यात अशा मुलखाचं नाव सगळे घेतात पण त्या नावाचं राज्यच नाही. संपादक म्हणतात ही चूक आहे, एकतर राज्य दाखवा नाहीतर नाव काढा.

उत्तर : संपादकांना हा अंक पाठवा. हीच तर जुन्या मुलखाची खूण आहे. थुरिंगियाच्या जुन्या राजघराण्यातला शेवटचा पुरुष १२४७ मध्ये वारला, वारसायुद्ध झालं, मुलूख दुसऱ्या घराण्याकडे गेला, मग फुटत फुटत गेला. तरी लोक स्वतःला थुरिंगियन म्हणत राहिले, आणि नुसतं ‘थुरिंगिया’ असं नाव असलेलं राज्य अवतरलं ते थेट १ मे १९२० ला, सात छोटी राज्यं एकत्र करून. स्वाबियाचं तसंच, शेवटचा वारस कोनराडिन, सोळा वर्षांचा पोरगा, १२६८ मध्ये नेपल्समध्ये त्याचं डोकं उडवलं आणि डची, म्हणजे ड्यूकचं राज्यच संपलं. पण पुढे साम्राज्याने कर आणि सैन्यासाठी विभाग पाडले तेव्हा त्यातल्या एकाला नाव दिलं स्वाबिया. राज्य नाही, राजा नाही, पण त्या नावाने बैठका व्हायच्या, रस्ते दुरुस्त व्हायचे, चोर पकडले जायचे.

तुमच्या कथेत एवढं मात्र ठरवा की हे नाव कोण घेतं. कारकून कागदावर घेतो, की शेतकरी शेजारगावच्या माणसाला शिवी देताना घेतो. दोन्ही वेगळी नावं आहेत खरं तर, स्पेलिंग सारखं म्हणून आपण फसतो.

प्रश्न : शेवट कसा करू? मला मोठी लढाई हवी आहे, सगळी छोटी राज्यं एकत्र येऊन शेवटचं लढतात.

उत्तर : तुमची कादंबरी आहे, करा लढाई. पण खरं काय झालं ते ऐका आणि मग ठरवा. ती लढून मेली नाहीत, बैठकीत मेली. फ्रान्सने ऱ्हाइनच्या पश्चिमेचा प्रदेश घेतला, तिथे ज्या मोठ्या राजांचं नुकसान झालं त्यांना भरपाई द्यायची होती, आणि द्यायला कोणाची जमीन? बारक्यांची. १८०३ मध्ये रेगेन्सबुर्गला यादी मंजूर झाली. बिशपांची आणि मठांची राज्यं जवळपास सगळी गेली, एक्कावन्न स्वतंत्र शहरांपैकी सहा उरली. उरलेसुरले सरदार आणि काउंट पुढच्या तीन वर्षांत. जुलै १८०६ मध्ये सोळा राजांनी साम्राज्य सोडून नेपोलियनशी आघाडी केली आणि ६ ऑगस्टला सम्राटाने मुकुट उतरवला. वरच्या पहिल्या उत्तरात म्हटलं ना, ती साम्राज्य आहे म्हणून जगतात; साम्राज्य हे त्यांचं छप्पर, ते गेलं की खालचे उघडे पडतात. यात दुःख असं की ज्या मोठ्यांपासून छपराने त्यांना वाचवलं त्याच मोठ्यांनी छप्पर काढलं आणि लाकूड वाटून घेतलं. लढाईपेक्षा हा प्रसंग लिहायला अवघड आहे, म्हणजे एक लांब टेबल, एक यादी आणि बाहेर व्हरांड्यात ताटकळत बसलेले शंभर जणांचे वकील. मी असते तर हाच लिहिला असता.

आणि एखादं चुकून वाचवा. लिख्टेनश्टाइन घराण्याकडे इस्टेटी भरपूर होत्या पण थेट साम्राज्याखालची जमीन नव्हती म्हणून सभेत बसता येईना, तर त्यांनी १६९९ आणि १७१२ मध्ये आल्प्समधले दोन तुकडे विकत घेतले, नुसत्या खुर्चीसाठी. १७१९ मध्ये त्याचं राज्य झालं. राजे तिकडे राहायला पण गेले नाहीत, कायमचे गेले ते १९३८ मध्ये. ज्या सभेतल्या खुर्चीसाठी घेतलं ती सभा १८०६ मध्ये गेली, आणि ते १६० चौरस किलोमीटर अजून नकाशावर आहेत.

प्रश्न : एकत्रीकरण झाल्यावर लोकांना बरं वाटतं की वाईट?

उत्तर : राज्याराज्यावर आहे. थुरिंगियात सामील व्हायचं का म्हणून ३० नोव्हेंबर १९१९ ला कोबुर्गच्या लोकांना मत विचारलं, तर प्रचंड बहुमताने नाही म्हणाले. अडीचशे वर्षांचे भाऊबंद सगळे तिकडे, आणि हे पुढच्या जुलैत उठून गेले बव्हेरियात.